मधल्या पायऱ्या : सोफी जर्मेनचं गणित आणि आपल्या लेकी



आज आपण इतिहासातल्या एका बाईची गोष्ट ऐकणार आहोत. ती फ्रान्स देशातली आहे आणि दोनशे वर्षांपूर्वीची आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबची गोष्ट कशाला? सांगतो.

कॉलेजचे निकाल लागले की आमच्या बैठकांमध्ये एक विषय हमखास निघतो. हप्ते गोळा होतात, वहीत नोंदी होतात, सह्या-अंगठे होतात, आणि मग एखादी ताई हळूच म्हणते, “आमच्या पोरीचा गणिताचा पेपर राहिला.” लगेच दुसरी म्हणते, “आमच्या पण.” या मुली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेल्या असतात. अकरावीला कॉमर्स घेताना गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेता येतो, म्हणून बऱ्याच जणी तो घेतात. तेव्हा सगळे म्हणतात, बरं झालं, सुटली. पुढं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अनेक ठिकाणी व्यापारी गणित आणि संख्याशास्त्र समोर येतं. कुणी कॉम्प्युटरच्या कोर्सला जाते, तिथंही गणित असतंच. शिकवणारे सर धरून चालतात की अकरावी-बारावीचं गणित मुलींना येतं. मुलीला वाटतं, वर्गातल्या सगळ्यांना कळतंय, मलाच कळत नाही. मग एटीकेटी लागते. मग घरात बोलणं सुरू होतं. “तिला डोकंच नाही गणिताचं. कशाला पैसे घालवायचे? स्थळ बघा.”

या “डोकंच नाही” शब्दांसाठीच आज सोफी जर्मेनची गोष्ट सांगायची आहे.

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ ला पॅरिस शहरात झाला. वडील रेशमाचे व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी होतं. ती तेरा वर्षांची होती तेव्हा, १७८९ साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती सुरू झाली. रस्त्यावर दंगे होत होते. मुलीला घराबाहेर पाठवायची सोय राहिली नाही. घरात बसून करायचं काय? वडिलांच्या कपाटात पुस्तकं होती, ती काढून ती वाचू लागली.

त्यात गणिताच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक होतं. त्यात आर्किमिडीज या जुन्या ग्रीक गणितज्ञाच्या मरणाची हकिगत होती. गावावर शत्रू चालून आला, तरी तो आकृत्यांमध्ये इतका गढून गेला होता की शिपायाकडं त्याचं लक्षच गेलं नाही, आणि शिपायानं त्याला मारलं. सोफीला वाटलं, जीव जाईपर्यंत माणसाला विसर पडतो असं या विषयात आहे तरी काय? आपणही बघू.

आईवडिलांना हे आवडलं नाही. मुलीच्या जातीनं गणित करावं हे त्या काळच्या चांगल्या घराला शोभणारं नव्हतं. ती रात्री जागून वाचते म्हणून त्यांनी तिच्या खोलीतली शेगडी विझवली, दिवे काढून घेतले, गरम कपडेही काढून घेतले. पॅरिसची थंडी म्हणजे आपल्या पौषातल्या थंडीच्या कितीतरी पट. सोफी लपवून ठेवलेल्या मेणबत्त्या काढायची, रजया अंगाभोवती गुंडाळायची आणि गणितं सोडवायची. सकाळी दौतीतली शाई गोठलेली असायची आणि पोरगी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली सापडायची. शेवटी आईवडिलांनी हट्ट सोडला. पुढं वडिलांनी तिला जन्मभर पैशाची मदत केली. तिनं लग्न केलं नाही. वडिलांच्या आधारावर तिचा अभ्यास चालला.

ही मेणबत्तीची गोष्ट शाळेत फार सांगतात. जिद्द असावी तर अशी, असं म्हणतात. ते खरंच आहे. पण गोष्ट तिथंच थांबवली तर निम्मीच राहते. त्या मेणबत्तीपाशी सोफीला शिकवायला कोण होतं? कोणीच नव्हतं. न्यूटन आणि ऑयलर या मोठ्या गणितज्ञांची पुस्तकं लॅटिन भाषेत होती, म्हणून ती आधी लॅटिन शिकली, तीही आपली आपण. जे पुस्तक हाताला लागेल ते वाचायचं. आधी कोणतं, नंतर कोणतं, हे सांगणारं माणूस नाही. सोडवलेलं बरोबर की चूक, हे बघणारं कोणी नाही. जिन्याची पाचवी पायरी सापडली, मग नववी सापडली, मधल्या तीन पायऱ्या आहेत हेसुद्धा माहीत नाही, असं ते शिक्षण होतं.

१७९४ साली पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक नावाचं मोठं कॉलेज निघालं. सोफी तेव्हा अठरा वर्षांची होती. देशातले सगळ्यात मोठे गणिताचे प्राध्यापक तिथं शिकवणार होते. पण बायकांना प्रवेश नव्हता. सोफीनं वाट काढली. व्याख्यानांच्या टिपणांच्या प्रती तिनं मिळवल्या. त्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी आपली टिपणं आणि शंका प्राध्यापकांना लिहून द्यायची पद्धत होती. ल ब्लां नावाचा एक विद्यार्थी होता. त्याचं नाव घालून सोफी आपले कागद लाग्रांज या प्राध्यापकांकडं पाठवू लागली.

लाग्रांज म्हणजे त्या वेळचे युरोपातले पहिल्या ओळीतले गणितज्ञ. या ल ब्लांचे कागद वाचून ते चकित झाले आणि त्यांनी चौकशी केली. तेव्हा कळलं की हा मुलगा नाहीच, ही मुलगी आहे. त्यांनी तिला हाकलून दिलं नाही. ते तिला भेटले, शाबासकी दिली, पुढंही मार्गदर्शन करत राहिले.

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून विचार करा. सोफी त्या वर्गात एक दिवसही बसली नाही. दुसऱ्यानं लिहिलेली टिपणं घरी वाचायची. फळ्यावर सरांनी हातानं करून दाखवलेलं तिला कधी दिसलं नाही. कॉलेजचं मोठं गणित तिच्या हातात आलं, पण त्याच्या आधीची रोजची तालीम आलीच नाही. ही उणीव पुढं कशी आडवी आली ते आता बघू.

आधी तिची ताकद कुठं होती ते सांगतो. आकड्यांच्या गुणधर्मांचं जे गणित असतं, त्यात ती फार पुढं गेली. जर्मनीतल्या गाऊस या तरुण गणितज्ञानं १८०१ साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. भल्याभल्यांना तो झेपत नव्हता. सोफीनं तो वाचून १८०४ साली गाऊसला पत्र लिहिलं, तेही ल ब्लां या नावानंच. पुढं फ्रेंच सैन्य गाऊसच्या गावाकडं निघालं. सोफीला आर्किमिडीजची आठवण झाली आणि काळजी वाटली. सैन्यातला एक सेनापती तिच्या घरच्यांच्या ओळखीचा होता. गाऊसला सांभाळा, असा निरोप तिनं त्याला धाडला. त्यावरून गाऊसला खरं नाव कळलं. त्यानं १८०७ साली तिला पत्र पाठवलं आणि तोंड भरून कौतुक केलं. बायकांना या वाटेवर पुरुषांपेक्षा किती जास्त अडथळे असतात आणि तरी ही बाई इथवर आली, तर तिची बुद्धी आणि धीर केवढा, असा त्या पत्राचा भाव होता.

तिच्या त्या गणिताचा एक छोटासा भाग आपण आत्ता तोंडी करून बघू. दोननं, तीननं, कशानंच भाग जात नाही अशी संख्या घ्यायची. समजा ११. तिची दुप्पट करा, २२. त्यात एक मिळवा, २३. आता २३ ला कशानं भाग जातो का? नाही जात. मग ११ ही सोफी जर्मेनच्या नावाची संख्या झाली. आता ७ घ्या. दुप्पट १४, अधिक एक, १५. पंधराला तीननं भाग जातो, म्हणून ७ बाद. ५ घ्या, २३ घ्या, घरी मुलांबरोबर करून बघा. या संख्यांचा उपयोग करून तिनं एका जुन्या कठीण प्रश्नाचा मोठा भाग सोडवला. तो फर्माचा प्रश्न पूर्ण सुटायला पुढं १९९५ साल उजाडलं. म्हणजे या बाईला डोकं होतं की नव्हतं, याबद्दल कोणालाच शंका नसावी.

आता तिच्या अडचणीचा भाग. १८०८ साली क्लाडनी नावाचा एक शास्त्रज्ञ पॅरिसला आला. तो एक प्रयोग करून दाखवायचा. धातूचा पातळ पत्रा मधोमध पक्का बसवायचा, त्यावर बारीक वाळू पसरायची आणि पत्र्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पत्रा गुणगुणतो, वाळू उडते आणि आपोआप नक्षी तयार होते. जणू कोणी ठिपक्यांची रांगोळी काढली. गज दुसऱ्या ठिकाणी ओढला की नक्षी बदलते. सम्राट नेपोलियननंही हा प्रयोग पाहिला. मग फ्रान्सच्या विज्ञान संस्थेनं बक्षीस लावलं. ही नक्षी अशीच का होते, याचं गणित मांडून दाखवा. मुदत दोन वर्षं.

बरेच गणितज्ञ या वाटेला गेले नाहीत. आत्ताच्या पद्धती या प्रश्नाला पुऱ्या पडणार नाहीत, असं लाग्रांज यांचं मत होतं. सोफी मात्र बसली. १८११ साली मुदत संपली तेव्हा संस्थेकडं एकच निबंध आला होता, तो सोफीचा.

त्यात चूक निघाली. पत्रा वाकतो तेव्हा नेमकं काय होतं, याबद्दलची तिची मूळ कल्पना चांगली होती. पण त्या कल्पनेवरून समीकरण काढताना जे वरच्या वर्गाचं गणित लागतं, ते तिला कोणी नीट शिकवलेलं नव्हतं. तिथं ती घसरली आणि बक्षीस मिळालं नाही. लाग्रांज परीक्षकांमध्ये होते. त्यांनी तिचीच कल्पना धरून बरोबर समीकरण काढून दिलं. संस्थेनं मुदत आणखी दोन वर्षं वाढवली.

१८१३ साली तिनं दुसरा निबंध दिला. या वेळी समीकरण बरोबर होतं आणि काही नक्ष्या त्याच्याशी जुळत होत्या. पण समीकरण मुळात कसं आलं ते तिला पटेल असं मांडता आलं नाही. संस्थेनं नुसता गौरवपूर्ण उल्लेख केला आणि मुदत पुन्हा वाढवली. तिनं तिसऱ्यांदा निबंध दिला. जानेवारी १८१६ मध्ये निकाल लागला आणि बक्षीस सोफी जर्मेनला मिळालं. ते घ्यायला ती समारंभाला गेली नाही. परीक्षकांनी तेव्हाही म्हटलंच होतं की मांडणीत अजून उणिवा आहेत. ती तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती.

पाहा मैत्रिणींनो, पहिल्या निबंधापासून बक्षिसापर्यंत तीन प्रयत्न. आपल्या भाषेत सांगायचं तर दोनदा एटीकेटी. तीही गाऊस ज्या बाईचं कौतुक करतो त्या बाईला! आणि तिसऱ्यांदासुद्धा पूर्ण मार्क नाहीत. हे का झालं? एकीकडं सर्वांत कठीण ग्रंथ वाचणारी बाई दुसरीकडं अडली, कारण आकड्यांचं गणित तिला पुस्तकातून आपलं आपण उभं करता आलं. पत्र्याच्या गणिताला मात्र एकावर एक अशा अनेक पायऱ्या होत्या. त्या कॉलेजात पोरं वर्ग भरून, सराव करून, सरांकडून वही तपासून घेऊन शिकत होती. तिला तो दरवाजा बंद होता. उणीव तिच्या डोक्यात नव्हती, तिच्या शिक्षणात होती. आणि ती उणीव तिनं स्वतः ठेवलेली नव्हती.

शेवटचं थोडं सांगून पुढं जाऊ. १८२० नंतर, फूरिये हे गणितज्ञ संस्थेचे सचिव झाल्यावर तिला संस्थेच्या सभांना बसायची परवानगी मिळाली. स्तनाच्या कर्करोगानं २७ जून १८३१ ला ती वारली, वय पंचावन्न. पुढं पॅरिसमध्ये आयफेल मनोरा बांधला तेव्हा त्याच्यावर ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनियरांची नावं कोरली. त्यात सोफीचं नाव नव्हतं. एकाही बाईचं नव्हतं. पत्रे आणि लोखंड कसं वाकतं, या अभ्यासात जिनं आधी पावलं टाकली, तिचं नाव त्या लोखंडी मनोऱ्यावर घातलं गेलं नाही.

आता दुसरी एक बाई. तिची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही शेजारी ठेवल्या की फरक कळतो. रशियात १८५० साली सोफिया कोवालेव्हस्काया जन्मली. त्यांच्या वाड्यातल्या एका खोलीला भिंतीचा रंगीत कागद कमी पडला, म्हणून गणिताच्या व्याख्यानांचे छापील कागद चिकटवले होते. ती लहान पोर तासन्‌तास त्या भिंतीकडं बघत उभी राहायची. काही कळायचं नाही, पण चिन्हं ओळखीची झाली. पुढं शेजारच्या प्राध्यापकाचं भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचताना त्रिकोणमिती आली. ती तिला कोणी शिकवली नव्हती. तिनं पुस्तक बाजूला ठेवलं नाही. मागं जाऊन ती कल्पना आपल्या डोक्यानं पुन्हा उभी केली. ते बघून त्या प्राध्यापकानं तिच्या वडिलांना गळ घातली की मुलीला शिकवा. वडिलांनी तिला शिक्षक लावला.

मोठी झाल्यावर ती जर्मनीत बर्लिनला गेली. विद्यापीठानं तिलाही दार उघडलं नाही. पण वायरश्ट्रास या थोर गणितज्ञानं तिला चार वर्षं घरी शिकवलं, विद्यापीठात जे शिकवत तेच, क्रमानं. १८७४ साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि १८८९ साली ती स्वीडनमध्ये स्टॉकहोमला कायमची प्राध्यापक झाली.

दोघीही हुशार आणि दोघीही हट्टी. दोघींनाही विद्यापीठानं नाकारलं. फरक कुठं पडला? एकीला मधल्या पायऱ्या कोणीतरी बसून चढवल्या. दुसरीला लाग्रांजसारखा भला माणूस मिळाला, पण रोजचा शिक्षक मिळाला नाही. म्हणून आम्ही म्हणतो की नुसती मेणबत्ती पुरत नाही. “सोफी बघ, थंडीत बसून शिकली, तू पण शीक,” एवढंच मुलीला सांगून आपण मोकळं होऊ नये. सोफीच्याच गोष्टीतून दिसतं की एकटीची मेहनत कुठपर्यंत नेते आणि कुठं तोकडी पडते.

आपल्याच गटाचं उदाहरण घ्या. महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज हे आपल्या बायकांना तोंडपाठ असतं. पण बँकेचं कर्ज आलं आणि घटत्या शिलकेवर व्याज हा शब्द आला, तेव्हा वर्षानुवर्षं हिशेब करणाऱ्या सचिवताईसुद्धा गप्प झाल्या. मग वहीत दर महिन्याची उरलेली मुद्दल लिहून, तिच्यावरचं व्याज काढून, सहा महिन्यांचा तक्ता सगळ्यांसमोर मांडला. दोन बैठकांत जमलं. तेव्हा कोणी म्हणालं का की बायकांना डोकं नाही? एक पायरी राहिली होती, ती घातली.

मुलीचा पेपर राहिला की आपल्याला तेच करायचं आहे. पहिली गोष्ट, तिला रागावण्याआधी विचारा, कुठून कळेनासं झालं? बहुतेक वेळा उत्तर कॉलेजच्या पुस्तकात नसतं. ते खाली नववी-दहावीत असतं. अपूर्णांक, वजा चिन्ह, समीकरण सोडवणं, शेकडेवारी. बालभारतीची ती पुस्तकं मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात. कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं नववीचं पुस्तक हातात घेतलं म्हणून कोणी हसू नये. घरात भाऊ हसला तर त्याला गप्प करा.

दुसरी गोष्ट, तिची वही बघणारं माणूस शोधा. सोफीला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लाग्रांज यांनी चूक दुरुस्त करून दाखवल्याचा. गावातल्या शाळेचे गणिताचे सर किंवा मॅडम, निवृत्त गुरुजी, बी.एस्सी. झालेली एखादी सून, कोणीही चालेल. आठवड्यातून दोन दिवस, एक तास. तीन-चार मुली एकत्र बसल्या तर अजून बरं. गटाची खोली संध्याकाळी रिकामीच असते. दिवा आहे, सतरंजी आहे. तीच उघडून द्या.

तिसरी गोष्ट, वेळ. पाणी, भांडी, जनावरं, धाकट्या भावंडांचं करून रात्री दहाला वही उघडणाऱ्या मुलीकडून कसलं गणित होणार? सोफीच्या घरानं आधी दिवे काढून घेतले. आपल्याकडं दिवा असतो, पण तास काढून घेतले जातात. परीक्षेपर्यंत तरी तिचे दोन तास घरातल्या बाकीच्यांनी वाटून घ्यावेत, त्यात पुरुष माणसंही आली.

आणि अकरावीला प्रवेश घेणाऱ्या मुली ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी फॉर्म भरण्याआधी एवढं विचारून घ्या, की पुढं जे शिकायचं आहे त्याला गणित लागतं का? लागत असेल तर आत्ता सोपं म्हणून सोडलेला विषय दोन वर्षांनी महागात पडतो.

एखाद्या मुलीला गणित आवडत नसेल, तिला दुसरंच काही करायचं असेल, तर तेही चांगलंच आहे. पण जिला पुढं जायचं आहे आणि जी फक्त मधल्या पायऱ्या नसल्यानं अडली आहे, तिला कोणी “डोकं नाही” म्हणू नये, आणि त्या एका पेपरावरून तिचं शिक्षण थांबवून लग्न ठरवू नये.

पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी करा. गावातल्या कोणत्या मुलींचा गणिताचा पेपर राहिलाय, आणि गावात कोणाकोणाला दहावीपर्यंतचं गणित शिकवता येतं. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा. पहिल्या यादीतली नावं दुसऱ्या यादीशी कशी जोडायची, हे तिथंच बसून ठरवा. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांना सांगू.

नमस्कार.